मामांच्या तीन पितळी वाट्या

आठ-नऊ वर्षांची असताना मी तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, पडलेलं लिंबू पायानं उडवलं होतं. हळद-कुंकू लावलेलं, टाचण्या खुपसलेलं. ते गटारात जाऊन पडलं आणि बरोबरच्या पोरी किंचाळत पळाल्या. संध्याकाळी मला ताप भरला. आदल्या दिवशी मी पोटभर कच्च्या चिंचा खाल्ल्या होत्या हे कुणालाच आठवलं नाही. गल्लीनं निकाल देऊन टाकला की पोरीला लागलं. शेजारच्या काकू मीठ-मोहरी ओवाळून गेल्या, कुणी अंगारा आणून कपाळाला फासला, आणि मी गोधडीत तोंड घालून, आता आपण मरणार म्हणून रडत पडले.

तेवढ्यात मामा आले. आईचा धाकटा भाऊ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि कामावरून परस्पर आमच्याकडं यायचे, त्यामुळं कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास असायचा. मागोमाग मामी. लग्न होऊन चारच महिने झालेले, डोक्यावरचा पदर एका हातानं धरून दाराशी उभी. मामांनी पिशवीतून तीन पितळी वाट्या काढल्या आणि माझ्या गोधडीवर पालथ्या मांडल्या. वाट्या त्यांनी स्वतः लेथवर बनवलेल्या, वर धरायला एकेक बोंडूक. तांबड्या चिंधीच्या तीन गोळ्या त्यांनी वाट्यांखाली घातल्या आणि फू केलं. वाट्या उचलल्या तर गोळ्या गायब. पुन्हा फू केलं तर तिन्ही एकाच वाटीखाली. माझं रडं थांबलं. शेवटी मामा म्हणाले, "आता मधली तू उचल." मी उचलली. खाली लिंबू.

मी केवढ्यांदा ओरडले असेन! मामा मात्र शांत. "घाबरलीस व्हय? लिंबूच हाय की." मग मामीकडून सुरी, साखर, पाणी मागवून घेतलं, तिथंच ते लिंबू कापलं, सरबत केलं, अर्धं स्वतः प्यायले आणि अर्धं मला पाजलं. "ही करणी न्हाय पोरी, हाताची करामत हाय. दोन हात आणि एक लबाड तोंड लागतंय, बास." सकाळी ताप उतरला. तेव्हापासून मला कुठल्याच लिंबाची भीती वाटली नाही, आणि जगात पहिल्यांदा असल्या वाट्या कुणी पालथ्या घातल्या असतील, याचं जे खूळ डोक्यात शिरलं ते आजवर निघालेलं नाही.

त्या खुळापायी मी इतिहास घेतला आणि शाळेत जन्मभर तोच शिकवला. निवृत्त झाले तेव्हा आमच्या पेठेतल्या वाचनालयानं व्याख्यान द्यायला सांगितलं. मी विषय कळवला: प्राचीन संस्कृतींमधली जादू आणि जादूगार. सेक्रेटरींनी फोनवर विषय दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "बाई, आरोग्यावर बोला की. गुडघेदुखी ठेवली की हॉल भरतोय बघा." मला असा राग आला म्हणता! म्हटलं, गुडघे दुखोत नाहीतर मोडोत, विषय हाच. आणि शेवटी खराखुरा जादूगार येऊन प्राचीन काळचा वाट्यांचा खेळ करून दाखवणार आहे, असं छापा पत्रिकेत. हे मी मामांना न विचारता बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे, विचार मागून येतो आणि ही आधीच चौकात उभी असते.

दुसऱ्या दिवशी मामांकडं गेले. मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. शेवटची नोकरी कागलच्या एमआयडीसीत करून रिटायर झाले, त्यालाही जमाना झाला. पण वाट्यांचा खेळ चालू होता. बारशी, शाळांची संमेलनं, गणपतीची मंडळं. पैसे कधी घेतले नाहीत, नारळ आणि टॉवेल-टोपी एवढंच. आणि खेळाचा शेवट कायम तोच: लिंबू निघायचं, लोक 'अगं आई' करायचे, आणि मामा त्याचं सरबत करून समोरच्यांना पाजायचे.

मामीनं चहा आणला. मला कपबशी आणि मामांना उभट स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच. मी म्हटलं, "मामी, मामांना अर्धाच? कंजूस झालीस की गं." ती म्हणाली, "दोनदा घेत्यात." आणि आत गेली. माझ्या काही ते डोक्यात शिरलं नाही.

मामी मागं भांडी घासायला बसल्याचा आवाज आला तसे मामा माझ्याजवळ सरकले आणि उजवा हात पुढं करून म्हणाले, "बघ." हात थरथरत होता. बोटं आपोआप हलत होती, जपमाळ ओढावी तशी. मी हात धरला तरी माझ्या हातात तो हलत राहिला.

"कधीपासनं?"

"झालं की वर्स. डॉक्टर म्हंतोय कंपवात. गोळ्या देतोय. गोळ्यांनी कमी हाय, पर बंद न्हाय."

मामांच्या खेळाचं मर्म इथं सांगते, आता लपवण्यात अर्थ नाही. वाटीखाली गोळी घातल्यासारखं दाखवायचं आणि ती बोटांच्या बेचक्यात चोरून धरायची. एवढंच. पण हे 'एवढंच' जमायला त्यांना कित्येक वर्षं लागली होती. आणि आता बोटं थरथरायला लागल्यावर बेचक्यातली गोळी टपकन खाली पडत होती. मग त्यांनी तोड काढली. राधानगरीकडून एक मधवाला यायचा, त्याच्याकडून मधमाश्यांचं मेण घेतलं आणि वाटीच्या आतल्या कडेला बोटभर फासून ठेवलं. वाटी गोळीवर पालथी घालताना जराशी सरकवायची, गोळी मेणाला चिकटते, वाटी वर उचलली की टेबल मोकळं.

"हात गप ऱ्हाईना, म्हणून मेणाला कामाला ठिवलंय," मामा म्हणाले आणि हसले. मला हसू येईना.

"मामा, राहू दे. मी सांगते वाचनालयात, मामांना बरं नाही म्हणून."

"खुळी हायस काय? मी येणार. एकदा. समद्यांसमोर नीट करतो, मग वाट्यांची पेटी बंद करायची ती माझी मी करीन. पर तुझ्या मामीला ह्यातलं काय सांगू नगंस."

"का?"

"डोळ्याचं आपरेशन झालं तवा माझी सायकल तिनं भंगारात घातली. इचारलं बी न्हाय. हात असा हाय म्हटल्यावर पेटी सरळ माळ्यावर जाणार. आणि पेटी माळ्यावर गेली की मामा बी गेला समज."

मी शपथ घेतली. घ्यायला नको होती, पण मामांनी माझ्याकडं जन्मात कधी काही मागितलेलं नव्हतं.

आता मामीबद्दल. ती निपाणीच्या पलीकडची, सीमेवरची. अजून चिडली की कानडीत बोलते, त्यामुळं शिव्या कळत नाहीत ही घरच्यांची सोय. मामांच्या खेळात तिचं काम एकच होतं. मामा सराव करायचे तेव्हा ती समोर मांडी घालून बसायची, गहू निवडत नाहीतर लसूण सोलत, आणि गोळी लपवताना जरा जरी डोळ्याला आली की म्हणायची, "दिसलं." बस्स. मामा पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा "दिसलं." ती काही बोलली नाही तर समजायचं की जमलं. शाबासकी वगैरे तिच्या माहेरी देत नसावेत. पन्नास वर्षं हे चाललं होतं, आणि मामांच्या गोळ्याही तीच शिवायची, जुन्या लुगड्याच्या काठाच्या.

पण वाट्यांना हात लावायची तिला बंदी होती. घरातलं सगळं पितळ ती चिंच लावून लख्ख घासायची, फक्त या तीन वाट्या काळपट. त्या काळपट असल्या तरच आतलं दिसत नाही, असं मामांचं म्हणणं, म्हणून वाट्या पत्र्याच्या पेटीत आणि पेटीला कुलूप. मामीला हे जन्मभर सलत होतं. चार लोकांत नवरा काळं पितळ घेऊन जातो म्हणजे घरातल्या बाईची अब्रू ती काय राहिली?

व्याख्यानाच्या आधी दोन दिवस मी पुन्हा गेले, पडद्यावर दाखवायची चित्रं मामांना दाखवायला. त्यात एक फार जुनं आहे, इजिप्तमधल्या एका थडग्याच्या भिंतीवरचं. दोन माणसं समोरासमोर बसली आहेत आणि मधे पालथ्या वाट्या. कुणी म्हणतं ही वाट्यांची जादू, कुणी म्हणतं हा काहीतरी खेळ आहे. मामीनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "कसली जादू? दोघं भाकरी थापाय बसल्यात की."

मामा म्हणाले, "तुला समदीकडं भाकरीच दिसती."

"भाकरी केली न्हाय तर मग दिसंल तुमाला जादू," मामी म्हणाली.

मी इतकी हसले की निघताना माझी जीभ पुन्हा सुटली. "मामी, परवा छान साडी नेस हां. फोटो काढणारेत. मामांचा वाट्यांसकट फोटो पेपरात येणार." एवढंच बोलले मी. सगळा दोष या वाक्याचा.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, तालमीतले चौघे-पाचजण मागं उभे होते, आमच्या गल्लीतल्या भिशीच्या बायका झाडून आल्या होत्या. आपल्या कोल्हापूरचे श्रोते तुम्हाला ठाऊक आहेत. मनात एक आणि तोंडात एक हा प्रकार नाही, आणि हळू बोलायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मी सुरुवात केली. इजिप्तमध्ये जादू ही काही चोरून करायची गोष्ट नव्हती. देवळात पोथी वाचणारा पुजारी हाच गावचा जादूगार. मंत्र कोरलेल्या दगडावर पाणी ओतायचे आणि ते पाणी विंचू चावलेल्याला पाजायचे. "आमच्या गावात अजून पाजत्यात की!" मागून आवाज. बाबिलोनकडं लोक वाडग्यांत आतून गोल गोल मंत्र लिहायचे आणि ते वाडगे उंबऱ्याखाली पालथे पुरायचे, भूत आलं की त्यात कोंडलं जावं म्हणून. ग्रीकांच्या एका देवळाची युक्ती सांगितली: वेदीवर अग्नी पेटवला की गाभाऱ्याची दारं आपोआप उघडायची, खाली तापलेल्या हवेनं पाणी ढकलून दोर ओढला जायचा. ही गोष्ट उद्यमनगरातून रिटायर झालेल्यांना फार आवडली. त्यांच्यात तिथंच चर्चा सुरू झाली की ह्यात व्हॉल्व्ह कुठं बसवला असेल. रोममध्ये कुणी आंघोळीला गेल्यावर कपडे चोरले तर चोराला शिशाच्या पत्र्यावर शाप लिहून तो झऱ्यात नाहीतर विहिरीत टाकायचे. भिशीतली एक बाई म्हणाली, "लई बरं हुतं की मग. माझ्या दोरीवरनं दोन साड्या गेल्यात."

मग मी वाट्यांवर आले. रोमच्या रस्त्यांवर वाट्या आणि खडे घेऊन खेळ करणारे असायचे, आणि आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत रोमनांकडच्या वस्तू सापडल्या आहेत. माल एवढ्या लांबून आला, मग त्याच्यामागून एखादा वाट्यावालाही आला नसेल कशावरून? ह्याला पुरावा काही नाही, असंही मी प्रामाणिकपणे सांगितलं, पण ते कुणी ऐकलं नाही. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या पैलवानानं पडद्यावरच्या इजिप्तच्या चित्राकडं बोट करून विचारलं, "बाई, ह्यातला जादूगार कंचा?"

"एक जादूगार आणि दुसरा बघणारा असेल," मी म्हटलं. "नक्की माहीत नाही."

मग मामा उठले. पांढरा सदरा, टोपी, कोट. मामी पुढच्या रांगेत हिरवी इरकल नेसून बसलेली. मामांनी टेबलावर पिशवी ठेवली आणि त्यातून वाट्या काढल्या.

वाट्या लखलखत होत्या. ट्यूबलाइट त्यात दिसत होती. मामांनी एक वाटी उलटी करून आत पाहिलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं. आत मेणाचा कण नव्हता.

पुढं कळलं ते असं. सकाळी मामांनी पेटी उघडून वाट्या तपासल्या आणि कुलूप लावायला गेले तर किल्ली फिरवता येईना. बोटं ऐकत नव्हती. पेटी तशीच ठेवून ते अंघोळीला गेले. मामीनं पेटी उघडी बघितली, वाट्या बघितल्या, पेपरात फोटो येणार हे तिच्या डोक्यात होतंच. चिंच आणि राख घेऊन बसली, आतून-बाहेरून घासल्या, पुसून पिशवीत भरून ठेवल्या. आत काहीतरी चिकट लागलं, तेही खरवडून काढलं. पन्नास वर्षांची हौस तिनं एका सकाळी फेडून घेतली.

मामा मागं फिरले असते तर मी माइकवरून काहीही थाप मारली असती. पण ते फिरले नाहीत. "पावणं, डोळं उघडून बघा," त्यांनी आवाज दिला, तोच जुना खणखणीत आवाज. गोळी ठेवली, वाटी पालथी घातली, फू केलं, उचलली. गोळी तिथंच.

"हितंच हाय की!" मागून तालमीतला एकजण. हशा. मामाही हसले. "आजून झोपलीया," म्हणाले. पुन्हा केलं. या वेळी त्यांनी जुन्या पद्धतीनं बोटांत धरायला बघितली, आणि गोळी सुटून टेबलावरून घरंगळत खाली गेली. हशा मोठा झाला. कुणीतरी उचलून दिली. मामांचा हात आता उघड उघड थरथरायला लागला होता, आणि वाटी टेबलाला लागून खडखड वाजत होती. ती खडखड माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू यायला लागली, तसं हसणं कमी झालं. मागं कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ दे मामा, थकलाय तुमी." प्रेमानंच म्हणालं, पण मामांचा चेहरा असा झाला की मला तो बघवेना. मला माझीच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्यांना इथं मी आणलं होतं, वाट्या घासायला मी लावल्या होत्या, आणि माइक हातात धरून मीच खुळ्यासारखी उभी होते.

मामी उठली. पदर खोचला आणि सरळ स्टेजवर आली. मला वाटलं, झालं, आता पेटी माळ्यावर. ती मामांना म्हणाली, "सरका तिकडं." मग लोकांकडं वळून, "ह्यांचं तोंड चालतंय, माझा हात चालतोय. आमच्या घरात हे पहिल्यापासनं असंच हाय. वाट्या मी मांडतो, बोलायचं त्यांनी." (आमच्याकडच्या बायका 'मांडतो, येतो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) हॉल फुटला हसून. मामा टेबलाच्या पुढं, तिच्या समोर येऊन उभे राहिले. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण माइक त्यांच्याकडं दिल्यावर तोंड आपोआप सुरू झालं. "बघा पावणं, जादूगाराला पगारी मानूस मिळालंय!"

मामीनं गोळी ठेवली. वाटी घातली. मामांनी फू केलं. तिनं वाटी उचलली आणि खाली काही नव्हतं.

मी बाजूला उभी होते, मर्म मला ठाऊक होतं, तरी मला गोळी कुठं गेली ते दिसलं नाही. पोळपाटावर पिठाची चिमूट टाकावी इतक्या साध्या हातानं ती करत होती. मामांसारखा रुबाब नाही, बोटांचा नखरा नाही. दुसरी गोळी गेली. तिसरी गेली. तिन्ही एका वाटीखालून निघाल्या. लोक आता हसत नव्हते, माना पुढं काढून बघत होते.

राहिलं लिंबू. लिंबू मामांच्या कोटाच्या खिशात होतं. मामांनी एकाएकी पैलवानाकडं बोट केलं आणि ओरडले, "पैलवान, डोईवर काय बसलंय तुमच्या?" सगळा हॉल पैलवानाच्या डोक्याकडं वळला. पैलवानानं दोन्ही हातांनी डोकं चाचपलं. तेवढ्यात मी बघितलं: मामांचा थरथरता हात खिशातून बाहेर आला आणि मामीनं तो टेबलाखाली घट्ट धरून त्यातलं लिंबू काढून घेतलं. घेतल्यावरही क्षणभर हात सोडला नाही. त्या दोघांकडं माझ्याशिवाय कुणाचंच लक्ष नव्हतं.

मधली वाटी तिनं पैलवानाला वर बोलावून उचलायला लावली. खाली लिंबू. भिशीच्या बायकांनी जो काय आरडाओरडा केला, तो वाचनालयाच्या इतिहासात कधी झाला नसेल.

टाळ्या चालू असताना मामीनं मान वर केली आणि मामांना हळूच विचारलं. माइक त्यांच्या हातात होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं.

"दिसलं?"

मामा तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय. न्हाय दिसलं."

मी तिथंच रडायला लागले. लोकांना वाटलं, बाईंचं व्याख्यान यशस्वी झालं म्हणून. सरबत मीच केलं, रडता रडता साखर निम्मी बाहेर सांडली.

घरी आल्यावर मामांनी टोपी काढली आणि पहिलं वाक्य विचारलं, "कवा शिकलीस?"

"वर्स झालं," मामी म्हणाली. "तुमच्या वाट्या कुलपात. माझ्या फडताळात वाट्या न्हाईत व्हय? तुमी फिराय गेला की आमटीच्या वाट्या घिऊन बसायचो. गोळ्या बी तुमच्या पेटीत, म्हणून चिंचोके घ्यायचो."

"कशापायी?"

"कशापायी म्हंजे? एक दिस लागणार हुतं की."

मामा खाटेवर बसले. "म्हंजे हात तुला म्हाईत हुता."

त्यावर मामी चिडली. आधी कानडीत बोलली, मग मराठीत. "पन्नास वर्सं ताट वाढतोय मी. घास कुठं सांडतोय ते मला दिसत न्हाय व्हय? भाकरी कुस्करून कोण देतंय? बटनं काढून सदऱ्याला चेन कुणी लावली? तुमाला वाटलं, फॅशन आली? चोरून मेण लावून ठिवलंय ते मला स्टेजवर कळलं, घासताना वाटलं तूप सांडलंय. सांगितलं असतं तर घासलं असतं व्हय मी? आँ?"

मला तो अर्धा पेला आठवला. उभट, अर्धाच भरलेला, म्हणजे थरथरला तरी सांडू नये. वर्षभर ती हे त्यांच्या नाकासमोर करत होती आणि मामांसारख्या माणसाला, ज्यानं जन्मभर लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली, त्याला एकदाही कळलं नव्हतं. मला तरी कुठं कळलं? उलट कंजूस म्हणून मोकळी झाले.

"मला वाटलं तू पेटी माळ्यावर टाकशील," मामा म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

"पेटी कशाला टाकीन? सायकल टाकली, ते रस्त्यात मरशीला म्हणून. वाट्यांनी कोण मरतंय?"

ती चहा करायला आत गेली. त्या रात्री निघताना मी त्या इजिप्तच्या चित्राचा कागद तिथंच विसरले, तो अजून त्यांच्याकडं आहे. त्यानंतर दोन ठिकाणी हेच व्याख्यान दिलं, पण त्या चित्रातला दुसरा माणूस नुसता बघणारा आहे असं मी आता म्हणत नाही. पण हे नंतरचं.

मामीनं चहा आणला. मला कपबशी, त्यांना तो उभट पेला. मामांनी पेल्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मला बी कपबशी आण."

मामीनं पेला उचलला. मग आत जाऊन कपबशी घेऊन आली. काठोकाठ भरलेला कप. मामांनी दोन्ही हातांनी कप उचलला, बशीत ओतायला लागले, आणि चहा बशीत कमी आणि मांडीवर, खाटेवर, फरशीवर जास्त सांडला. वर्षभर लपवलेला हात त्यांनी तिच्यासमोर तसाच हलू दिला. मी उठून फडकं आणायला गेले तर मामीनं मला दंडाला धरून खाली बसवलं.

"सांडू दे," ती म्हणाली. "फरशी हाय, पुसता येती. तुमी प्या."

मामा प्यायले. बशीत उरलेला घोटभर चहा, फुर्र आवाज करून, पहिल्यासारखा.